बेपत्ता लेकराच्या खटल्यात दोषीला किती शिक्षा होईल? अंदाज असा बांधा

नांदेड असो की लातूर, शिक्षेचा अंदाज बांधताना सत्र न्यायालयाने कोणत्या कलमांखाली दोषी ठरवलं तेच बघा. एफआयआरवर जाऊ नका. लेकरू हरवलं की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशानुसार अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवतात. पुढे तपासात कलमं वाढतात, निकालात त्यातली काही गळतात.

मग घटनेची तारीख. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर भारतीय दंड विधान, त्या दिवसापासून भारतीय न्याय संहिता. निकाल कधी लागला याचा संबंध नाही. भीक मागायला लावण्यासाठी पळवलं असेल तर हा फरक फार मोठा: जुन्या कलम ३६३अ मध्ये जास्तीत जास्त दहा वर्षं, नव्या कलम १३९ मध्ये कमीत कमी दहा आणि वर जन्मठेपेपर्यंत.

नुसत्या अपहरणाला (३६३, आता १३७(२)) कमाल सात वर्षं. खंडणीसाठी अपहरण (३६४अ, आता १४०(२)) म्हणजे फाशी किंवा जन्मठेप, मधली पायरीच नाही. अंदाज सर्वाधिक चुकतो तो इथेच. पैशांची मागणी सिद्ध झाली, पण जिवाची किंवा इजेची धमकी अथवा तशी रास्त भीती सिद्ध झाली नाही, तर ३६४अ टिकत नाही. जन्मठेपेचं प्रकरण सात वर्षांवर येतं. त्यामुळे फोन रेकॉर्डिंग आणि साक्षींबद्दल निकालात काय म्हटलंय ते नीट वाचाच.

खुनाला फाशी किंवा जन्मठेप. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात. शिक्षेवरच्या सुनावणीत आरोपीचं वय, पूर्वेतिहास, सुधारण्याची शक्यता तपासावीच लागते. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही.

वर्षांची बेरीज करण्याआधी आदेशाची शेवटची पानं बघा. शिक्षा एकत्र भोगायच्या असं लिहिलं असेल तर सर्वांत मोठी तेवढीच मोजा. लिहिलंच नसेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखालच्या खटल्यात ठरावीक मुदतीच्या शिक्षा एकापाठोपाठ; नव्या नागरिक सुरक्षा संहितेत मात्र एकत्र की एकापाठोपाठ हे न्यायालयाने सांगायलाच हवं. ठरावीक मुदतीच्या कैदेतून कच्च्या कैदेतले (निकालाआधी कोठडीत काढलेले) दिवस वजा होतात.

शिक्षा कमी वाटली तरी ती वाढवण्यासाठी आईवडिलांना स्वतः अपील करता येत नाही, तो अधिकार सरकारचा. म्हणून निकालाची नक्कल मिळताच सरकारी वकिलांना लेखी अर्ज द्या. निर्दोष सुटका, सौम्य कलम किंवा अपुरी भरपाई असेल तर मात्र कुटुंबाला स्वतः अपील करता येतं.