पाचवीचा पहिला आठवडा आणि वर्गातला स्मार्ट बोर्ड : या चुका टाळा

गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून किंवा कोकणीतून चौथी पूर्ण केलेले मूल पाचवीसाठी हायस्कूलमध्ये येते, तेव्हा त्याची इमारत, सोबती, शिक्षक आणि बहुतेक ठिकाणी शिक्षणाचे माध्यमही एकाच दिवशी बदलते. वाड्यावरच्या शाळेत एकदोन शिक्षकांच्या हाताखाली चारही इयत्ता शिकलेले हे मूल आता तासागणिक नवा चेहरा पाहते आणि इंग्रजीतून सूचना ऐकते. अशा मुलांच्या वर्गाची मी अनेक वर्षे वर्गशिक्षिका आहे. स्मार्ट बोर्ड आणि टॅब वापरून मुलांना पहिल्या आठवड्यातच रमवण्याचा उत्साह मला मनापासून आवडतो, परंतु त्या उत्साहात दरवर्षी त्याच चुका होताना पाहून आता लिहिणे भाग पडले आहे.

सर्वांत जास्त त्रास मला नावांच्या चुकीचा होतो. कार्यालयाकडून प्रवेशाची यादी इंग्रजीत मिळते. घाईत असलेला शिक्षक ती लिप्यंतराच्या ॲपमध्ये टाकतो, आलेली देवनागरी नावे न वाचताच, कोणाची पाळी आली ते ठरवणाऱ्या पडद्यावरच्या फिरत्या चक्रात भरतो आणि पहिल्याच तासाला ते चक्र बोर्डावर फिरवतो. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर पुरते, आणि आपल्याकडच्या आडनावांत ‘ळ’ तर जागोजागी आहे. मग वेळीप यांचे ‘वेलिप’ होते, हळर्णकर यांचे ‘हलर्णकर’ होते आणि मळीक यांचे ‘मलिक’ होते. मोठ्या पडद्यावर, चाळीस अनोळखी मुलांसमोर आपले नाव असे उमटलेले पाहून पाचवीतले मूल “टीचर, हे चुकले” असे म्हणत नाही. ते मान खाली घालते, आणि मागच्या बाकावरची मुले त्या चुकीच्या नावाने त्याला पुढचा महिनाभर हाका मारतात.

म्हणून पहिल्या दिवशी मी बोर्ड सुरूच करत नाही. एक वही वर्गभर फिरवते, प्रत्येकाला आपले नाव, आडनाव आणि गाव स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहायला सांगते आणि प्रत्येकाकडून ते मोठ्याने वाचून घेते, कारण गांवकर आणि गावकर यांतला फरक घरचा माणूसच सांगू शकतो. त्या संध्याकाळी ती नावे मी स्वतः टंकित करते. याला अर्धा तास लागतो आणि हा अर्धा तास वाचवण्याचा कोणताही मार्ग मला मान्य नाही. टंकलेखन मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही यंत्रावर तीच अक्षरे दिसतील अशा पद्धतीनेच करावे. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये तयार केलेली फाइल, तो फॉन्ट नसलेल्या वर्गातल्या बोर्डावर उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसते.

दुसरी चूक वेळेशी शर्यत लावणाऱ्या प्रश्नमंजूषेची आहे, आणि ती मी स्वतः केलेली असल्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहिते. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये, शाळा सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, मी पाचवीला संगणक कक्षात नेले आणि गोव्याविषयीची ऑनलाइन प्रश्नमंजूषा लावली. प्रश्न इंग्रजीत होते आणि प्रत्येकाला वीस सेकंद दिलेले होते. त्यांत एक प्रश्न असा होता की मांडवी नदी वरच्या भागात कोणत्या नावाने ओळखली जाते. सत्तरी तालुक्यातल्या नदीकाठच्या वाड्यावरून आलेली एक मुलगी पडद्यावर बोट टेकवून एकेक शब्द जुळवत होती आणि ओठ हलवत वाचत होती. तिचे वाक्य पूर्ण होण्याआधी वेळ संपली, पडद्यावर शून्य आले आणि खाली तिचा क्रमांक आला. जी मुलगी रोज म्हादईच्या काठाने चालत शाळेच्या बसपर्यंत येते, तिला म्हादई माहीत नाही असे त्या पडद्याने वर्गाला सांगितले. तासानंतर मी तोच प्रश्न कोकणीत विचारला, तेव्हा तिने नदीचे नाव तर सांगितलेच, शिवाय पाणी कुठल्या दगडापर्यंत चढले की पलीकडे जायचे नाही हेही सांगितले. त्यानंतर जुलै उजाडेपर्यंत तिने वर्गात आपणहून हात वर केला नाही.

येथे दोष प्रश्नांची भाषा आणि वेळ ठरवणाऱ्या माझा होता, आणि तो ओळखण्यासाठी गुण कसे मोजले जातात हे शिक्षकाने समजून घ्यायला हवे. उदाहरणार्थ, कहूट या ऑनलाइन प्रश्नमंजूषेच्या ॲपच्या नेहमीच्या पद्धतीत बरोबर उत्तराला कमाल १,००० गुण असतात आणि उशीर होईल तसे ते घटत सुमारे ५०० पर्यंत येतात. म्हणजे तेच उत्तर तितकेच बरोबर देणारी दोन मुले केवळ वाचनाच्या वेगामुळे एकमेकांपासून दूर फेकली जातात. माध्यम बदललेल्या मुलांना पहिल्या महिन्यात हा खेळ द्यायचाच असेल, तर संघाने खेळण्याची सोय निवडावी, एका यंत्रावर तीनचार मुले बसवावीत, प्रश्नाचा अवधी भरपूर वाढवावा आणि प्रश्न शिक्षकाने दोन्ही भाषांत वाचून दाखवल्याशिवाय कोणालाही उत्तर देऊ देऊ नये. वर्गात आरडाओरडा झाला म्हणजे मुले रमली, असा समज नव्या शिक्षकांत फार पसरलेला आहे. त्या गोंगाटात कोण गप्प आहे हे ज्याने पाहिले नाही, त्याने वर्ग पाहिलाच नाही असे मी मानते.

माझी स्वतःची पसंती प्लिकर्स या ॲपच्या छापील कार्डांना आहे. मुलांच्या हाती एकही यंत्र लागत नाही. प्रत्येकाकडे चौकोनी चिन्ह छापलेले एक कार्ड असते, ते ज्या बाजूने वर धरावे त्यानुसार अ, ब, क किंवा ड हे उत्तर ठरते आणि शिक्षक आपल्या फोनच्या कॅमेऱ्याने सगळा वर्ग टिपतो. प्रत्येक कार्डावरचे चिन्ह वेगळे असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे अवघड जाते. यातही एक चूक हमखास होते : पावसाळ्यात कार्डे भिजतील म्हणून ती चकचकीत लॅमिनेट केली जातात, ट्यूबलाइटचा उजेड त्यांवरून परावर्तित होतो आणि फोनला चिन्ह वाचता येत नाही. साध्या जाड कागदावर छापावीत आणि बोटे चिन्हावर येणार नाहीत अशी धरायला शिकवावीत.

विजेवर विसंबून धडा आखू नये. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात तारांवर फांदी पडते आणि शाळेचा इन्व्हर्टर बहुधा कार्यालयापुरताच असतो, म्हणून बोर्डावर जे दाखवायचे त्याचा एक कागद माझ्या पिशवीत असतोच. व्हिडिओ वर्गातल्या नेटवर उघडू नये, आधी उतरवून ठेवावा. पासवर्ड मुलांकडून पहिल्या आठवड्यात तयार करून घेऊ नयेत. पूर्ण तास त्यातच जातो.

मुलांचे फोटो आणि गुणांचे तक्ते पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची घाई तर अजिबात करू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट घातली आहे. पण कायदा नसता तरी, कोणाच्या मुलाला सर्वांत कमी गुण मिळाले हे शेजाऱ्यांनी फोनवर का पाहावे?

बोर्ड मी चौथ्या दिवशी सुरू करते, आणि तोही मुलांच्या गावांसाठी. वहीत लिहिलेल्या प्रत्येक गावाचे वरून दिसणारे चित्र मी आदल्या रात्री गूगल अर्थवरून जतन करून आणते. चित्र आले की त्या गावचे मूल पुढे येते आणि आपले घर, देऊळ, ओहोळ, बसचा थांबा बोटाने दाखवते. भाषा कोणतीही चालते. ज्याचा आवाज फुटत नाही त्याला मी बोलायला लावत नाही. तो नुसता बोट दाखवतो, आणि त्याच वाड्यावरचा दुसरा कोणीतरी बसल्या जागेवरून सांगू लागतो.