क्लाउडवरच्या मेल-फाइल्सचा बॅकअप आखताना: माझं काय चुकलं, काय जमलं

बॅकअपचं काम माझ्याकडे आलं ते नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. तोवर संस्थेचे मेल आणि फाइल्स आपल्या सर्व्हरवरून मायक्रोसॉफ्ट ३६५ वर गेल्या होत्या. "सगळं क्लाउडवर आहे, मग वेगळा बॅकअप कशाला?" हे वरिष्ठांनी विचारायच्या आधी मीच स्वतःला विचारलं होतं आणि "नको" असं उत्तरही देऊन मोकळी झाले होते.

मग हिशेब विभागातून फोन आला. नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या मेलमध्ये पुरवठादाराशी ठरलेल्या अटी होत्या, त्या हव्या होत्या. खातं आम्ही रीतसर काढलं होतं, लायसन्स दुसऱ्याला दिलं होतं. ॲडमिनमध्ये काढलेल्या खात्यांची यादी उघडली तर त्यात ते नाव नाही. तारखा मोजल्या, ४७ दिवस झाले होते. काढलेलं खातं मेलबॉक्ससकट परत आणायला ३० दिवस मिळतात. हल्ला झाला नव्हता, डिस्क बिघडली नव्हती. सगळं नियमानं झालं होतं आणि मेल गेला होता.

त्यानंतर मी आखणी उलट्या टोकानं करायला लागले. किती टेराबाइट, कुठे ठेवायचं, कुठलं सॉफ्टवेअर, हे सगळं नंतर. आधी हे ठरवायचं की परत काय मागितलं जाईल, कोण मागेल, किती जुनं आणि किती घाईनं. नव्यानं हे काम घेणाऱ्याला मी पहिल्या आठवड्यात एवढंच करायला सांगते: हेल्पडेस्कची वर्षभराची तिकिटं काढ आणि त्यात 'हरवलं', 'चुकून डिलीट', 'दिसत नाही' हे शोध. माझ्या यादीत अख्खा मेलबॉक्स परत मागणारं तिकीट क्वचितच होतं. मागणी असायची ती एका फोल्डरची, नाहीतर 'मागच्या आठवड्यात होती तशी' एक्सेल शीटची. म्हणजे एकेक वस्तू शोधून काढता येणं हे मला सर्वांत आधी हवं होतं. मी सॉफ्टवेअर बघत होते ते मात्र सगळं एकदम परत आणण्याच्या वेगावर.

त्या यादीशेजारी सेवेच्या स्वतःच्या मुदती लिहाव्यात. एक्सचेंज ऑनलाइनमध्ये (मायक्रोसॉफ्ट ३६५ ची मेलसेवा) डिलीटेड आयटम्समधूनही काढलेला मेल १४ दिवस मिळतो, सेटिंग बदललं तर फार तर ३०. शेअरपॉइंट (सामायिक फाइल्सची जागा) आणि वनड्राइव्ह (प्रत्येकाच्या स्वतःच्या फाइल्सची जागा) यांच्या दोन्ही रिसायकल बिन मिळून ९३ दिवस. जीमेलचा ट्रॅश ३० दिवसांनी रिकामा होतो, पुढे २५ दिवस ॲडमिनला परत आणता येतं. गूगल वर्कस्पेस या संस्थांसाठीच्या गूगल सेवेतलं काढलेलं खातं मात्र २० दिवसांतच परत मागावं लागतं. आता माणसांकडे बघा. फाइल गेल्याचं त्यांना कळतं कधी? तिमाही अहवालाला किंवा ऑडिटला. ९३ दिवस ऐकायला भरपूर वाटतात, पण वर्षातून एकदाच उघडल्या जाणाऱ्या फाइलला त्यांचा उपयोग नाही.

"पण रिटेन्शन पॉलिसी आहे ना?" हे प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. म्हणजे मजकूर किती काळ राखायचा नि कधी पुसायचा याचा नियम. ती असते, आणि असावीही. पण रिटेन्शन किंवा गूगलचं व्हॉल्ट हे चौकशीसाठी, कायदेशीर कामासाठी मजकूर धरून ठेवतं. फोल्डरची रचना, परवानग्या यांसकट जागच्या जागी परत मांडून देणं हे त्याचं काम नव्हे. शिवाय ते त्याच घरात, म्हणजे त्याच सेवेत, त्याच ॲडमिनच्या हाताखाली असतं. तीच पॉलिसी चुकीच्या गटाला लागली तर राखायच्याऐवजी पुसून टाकते. २०२४ पासून मायक्रोसॉफ्टची स्वतःची बॅकअप सेवाही आहे. ती झपाट्यानं परत आणते, पण प्रत राहते मायक्रोसॉफ्टकडेच. आम्ही दोन्ही गोष्टी वेगळ्या मोजल्या: लवकर परत आणण्याची सोय एक, घराबाहेरची प्रत दुसरी.

घराबाहेरची प्रत का, याचं मला पटलेलं उदाहरण फेब्रुवारी २०११ चं आहे. सॉफ्टवेअरमधल्या एका दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांचे मेल दिसेनासे झाले. गूगलकडे एकाहून अधिक डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या, पण दोषाचा फटका त्या प्रतींनाही बसला. शेवटी मेल परत आले ते टेपवरून, कारण टेप त्या सगळ्यापासून तुटलेली होती. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम सगळे पाठ म्हणतात. त्यात 'दुसरी जागा' म्हणजे दुसरं गाव एवढंच धरू नका. दुसरं खातं, दुसरा पासवर्ड, जमल्यास दुसरा पुरवठादारही धरा.

सिंक (दोन जागांवरच्या फाइल्स आपोआप सारख्या ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य मी ऐकलेलं होतं. पटलं मात्र एका विभागाची हार्ड डिस्क हातात आली तेव्हा. ते लोक गूगल ड्राइव्हवर काम करत आणि दर शुक्रवारी संगणकावरचा ड्राइव्हचा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करत. शिस्त वाखाणण्यासारखी. मी डिस्क जोडली तर शेकडो फाइल्स, नावं बरोबर, तारखा बरोबर, आणि बहुतेकांचा आकार एक किलोबाइटच्या आत. एक नोटपॅडमध्ये उघडली, आत मजकूर नाही, मूळ दस्तऐवजाचा ओळखक्रमांक तेवढा. गूगल डॉक्सची सिंक झालेली फाइल ही नुसती खूणचिठ्ठी असते, मजकूर ड्राइव्हवरच राहतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बॅकअपचं सॉफ्टवेअर अशा फाइल्सचं वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये रूपांतर करून ठेवतं. परत आणल्यावर त्यांतल्या कॉमेंट्स, सूत्रं, जुन्या आवृत्त्या यांचं काय होतं ते विकत घेण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

टीम्स या मायक्रोसॉफ्टच्या चॅट आणि बैठकांच्या ॲपचं तर आणखी विचित्र. चॅटची नोंद मेलबॉक्सच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये, चॅनेलमधल्या फाइल्स शेअरपॉइंटवर, आणि दोघांच्या खासगी चॅटमध्ये पाठवलेली फाइल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हवर. पाठवणारा सोडून गेला की काही काळानं ती फाइलही जाते. "टीम्सचा बॅकअप घेतो" असं विक्रेता म्हणाला की या तिन्ही जागांबद्दल एकेक प्रश्न विचारायचा आणि उत्तर लेखी मागायचं.

आता आकारमान. हा हिशेब मी पहिल्यांदा फक्त साठवणुकीचा केला, वेळेचा केलाच नाही. धरा, मेल, वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंट मिळून २० टेराबाइट आहेत आणि प्रत कार्यालयातल्या स्टोरेजवर ठेवायची आहे. १०० मेगाबिटची लाइन सेकंदाला १२.५ मेगाबाइट आणते, म्हणजे दिवसाला साधारण १ टेराबाइट, तेही दुसऱ्या कुणी ती लाइन वापरली नाही तर. पहिली पूर्ण प्रत घ्यायलाच जवळपास १९ दिवस. मोठ्या नुकसानीनंतर परत चढवायचं झालं तरी तेवढेच दिवस, आणि तेव्हा सगळे आपल्या टेबलाभोवती उभे असणार. शिवाय सेवा स्वतःच वेग रोखते. फार विनंत्या गेल्या की ४२९ हा संकेत येतो, 'इतके सेकंद थांब' असा. सॉफ्टवेअर गुमान थांबतं आणि पडद्यावरची टक्केवारी हलत नाही. लाखो छोटे मेल एका मोठ्या व्हिडिओपेक्षा कितीतरी सावकाश सरकतात. हे सगळं धरून आम्ही मुख्य प्रत दुसऱ्या क्लाउडवर ठेवली आणि ज्यांच्या मेलवाचून काम अडतं अशा मोजक्या लोकांची यादी केली. आधी ते, मग बाकीचे. त्या यादीत कोण असावं यावर जेवढा वाद झाला तेवढा सॉफ्टवेअरच्या निवडीवर झाला नाही.

रोजच्या बदलाचा आकार अंदाजानं लिहू नका, महिनाभर मोजा. आणि सोडून गेलेल्या लोकांच्या प्रतींचं लायसन्स लागतं का, परत आणताना डेटा बाहेर काढण्याचे वेगळे पैसे पडतात का, हे करारात वाचा.

रॅन्समवेअरसाठी (फाइल्स अडकवून खंडणी मागणारा हल्ला) प्रत न पुसता येणारी हवी, म्हणून ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे ठरल्या मुदतीपर्यंत फाइल पुसू न देणारं कुलूप, वापरलं. ॲमेझॉनच्या एस-थ्री स्टोरेजमध्ये त्याच्या कम्प्लायन्स प्रकारात मुदत संपेपर्यंत खुद्द मूळ खात्यालाही फाइल काढता येत नाही. हे मी वाचलं होतं. तरीही चाचणीसाठी एक भलामोठा मेलबॉक्स चढवला आणि मुदत टाकली ३६५ दिवस. वर्षभर दर महिन्याच्या बिलात तो मेलबॉक्स मला भेटत राहिला. चाचणीला मुदत एक दिवसाची टाकावी.

बॅकअप अयशस्वी झाल्याच्या सूचना कुठे येतात, हेही तपासा. आमच्या सूचना त्याच मेलवर येत होत्या ज्याचा बॅकअप घ्यायचा होता. ते बदललं. बॅकअपच्या कन्सोलचं लॉगिन रोजच्या सिंगल साइन-ऑनपासून (एकाच लॉगिननं सगळं उघडण्याची सोय) तोडलं आणि एन्क्रिप्शनच्या किल्लीची छापील प्रत दोन वेगळ्या कपाटांत ठेवली.

दर तिमाहीला आम्ही रिस्टोअरची, म्हणजे प्रतीवरून परत आणण्याची, तालीम घेतो. पहिल्या दोन मीच घेतल्या आणि दोन्ही झकास झाल्या. तिसरी नव्यानं आलेल्या मुलाला दिली. सोबत फक्त लिहिलेली कृती, मला विचारायचं नाही. तो चौथ्या पायरीवर अडला. तिथे मी लिहिलं होतं, 'नेहमीच्या खात्यानं लॉगिन करा.' नेहमीचं म्हणजे कुठलं, हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. दुपारभर बसून आम्ही दोघांनी ती कृती पुन्हा लिहून काढली. पुढच्या तिमाहीत ती हिशेब विभागातल्या बाईंच्या हातात देऊन बघायचं ठरलंय.