वृद्ध माजी सैनिकांची पीटीएसडी तपासणी करताना या चुका टाळा

१९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार, अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये आला; त्यामुळे युद्धावरून परतल्यावर या पिढीला त्याबद्दल कोणी विचारलेच नव्हते. गुडघेदुखी किंवा रक्तदाबासाठी ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये आलेल्या माजी सैनिकाला हे प्रश्न बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच विचारले जात असतात, याचे भान तपासणाऱ्याने ठेवले पाहिजे.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे मुलासमोर किंवा सुनेसमोर हे प्रश्न विचारणे. ज्या सुभेदारांनी घरात कधी भीतीचा उच्चार केला नाही, ते मुलादेखत 'रात्री घाबरून उठतो' असे सांगणार नाहीत. 'सगळं ठीक आहे, साहेब' एवढेच उत्तर मिळेल आणि कागदावर शून्य गुण पडतील. आधी त्यांच्याशी एकांतात बोलावे आणि नंतर त्यांच्या संमतीने पत्नीशी वेगळे बोलावे, कारण ते झोपेत ओरडतात का, दिवाळीत फटाके वाजू लागले की आतल्या खोलीत जाऊन बसतात का, हे पुष्कळदा तिलाच ठाऊक असते. तोफखान्यात नोकरी झालेल्यांना कमी ऐकू येण्याची शक्यता मोठी असते. प्रश्न नीट ऐकू न आल्यामुळे आलेला 'नाही' हा नकार मानू नये.

'तुम्ही प्रत्यक्ष लढाईत होता का?' एवढे विचारून थांबणे हीसुद्धा चूकच आहे. पीसी-पीटीएसडी-५ या प्राथमिक तपासणीच्या छोट्या चाचणीच्या सुरुवातीलाच युद्धाबरोबर गंभीर अपघात, भूकंप, पूर, हल्ला अशा प्रसंगांची विचारणा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ढिगाऱ्यांतून मृतदेह काढणाऱ्या, सियाचीनला हिमस्खलनाखालून सोबत्याला उपसणाऱ्या किंवा जखमींची शुश्रूषा करणाऱ्या जवानाने कदाचित एकही गोळी झाडलेली नसेल, तरी त्याला या तपासणीतून वगळता येणार नाही.

या चाचणीत गेल्या महिन्याविषयीचे पाच 'हो-नाही' प्रश्न असतात. तीन-चार किंवा त्याहून जास्त उत्तरे 'हो' आली, तर सविस्तर मुलाखत आवश्यक ठरते. ते निदान नव्हे. उलट, कमी गुण आले म्हणून विषय कायमचा मिटत नाही. निवृत्ती, पत्नीचे निधन किंवा एखादे मोठे आजारपण यांनंतर, वर्षानुवर्षे कामाच्या धबडग्यात दबलेली लक्षणे उफाळून येऊ शकतात, म्हणून अशा प्रसंगांनंतर पुन्हा विचारावे.

झोपेच्या तक्रारीकडे विशेष लक्ष द्यावे. स्वप्नात कोणी हल्ला करत असल्यासारखे हातपाय झाडणे हे पीटीएसडीमध्ये दिसू शकते, पण स्वप्नावस्थेतील झोपेचा विकार असला तरीही असेच घडते, आणि तो विकार पार्किन्सनसारख्या आजारांची आगाऊ सूचना असू शकतो. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञांचे मत घ्यावे. स्मृतिभ्रंशाची चाचणीही करावी, कारण नव्याने वाढलेला संशय किंवा चिडचिड पीटीएसडी आणि स्मृतिभ्रंश या दोन्ही आजारांत आढळते. याची शहानिशा न करता अल्प्राझोलामसारख्या चिंता शमवणाऱ्या गोळ्या चालू करणे धोक्याचे आहे: पीटीएसडीवर त्यांचा उपयोग होत असल्याचा भक्कम पुरावा नाही आणि या वयात पडून हाड मोडण्याची भीती वाढते. दारूबद्दलही विचारावे, पण दरडावून नव्हे.

'आता या वयात काय उपचार करायचे?' हे डॉक्टरांच्या तोंडी ऐकले की फार वाईट वाटते. आघातावर केंद्रित मानसोपचार वृद्धांनाही उपयोगी पडतात, म्हणून पुढे कोणत्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचे हे तपासणीच्या आधीच ठरलेले असावे. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारावे. अशा विचारण्याने तो विचार मनात रुजत नाही. सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी अनेकांकडे परवान्याची बंदूक असते, तिचीही चौकशी करावी. धोका जाणवला तर ती कुटुंबाच्या मदतीने आणि कायदेशीर मार्गाने घराबाहेर सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करावी, त्यांना एकटे सोडू नये, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून घरच्यांकडे द्यावा.