लॅपटॉपच्या पडद्याचे पोपडे निघू लागल्यावर काय करावे

लॅपटॉप बंद असताना पडद्यावर नकाशासारखे डाग दिसू लागले, कडेने पापुद्रा सुटू लागला किंवा आत कुठेतरी फुगा धरल्यासारखे वाटले, की बहुतेकांचा हात पहिल्यांदा नखाकडे जातो. कृपया तो आवरावा. पडद्यावर एकापेक्षा अधिक थर असतात आणि त्यांपैकी नेमका कोणता सुटतो आहे हे कळण्याआधी केलेली दुरुस्ती ही बहुधा दुसरे नुकसान असते. माझ्याकडे आलेल्या बिघडलेल्या पडद्यांपैकी काही मूळ दोषामुळे नव्हे, तर चुकीचा थर ओढल्यामुळे निकामी झालेले होते, म्हणून ओळख पटवण्यावर मी येथे थोडा अधिक वेळ घेणार आहे.

प्रथम यंत्र पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा आणि मोबाईलच्या टॉर्चचा उजेड पडद्यावर तिरका पाडून पाहावे. कडेला प्लॅस्टिकची स्पष्ट धार दिसत असेल, तर तो बहुधा विकत घेताना किंवा नंतर कोणी चिकटवलेला स्क्रीन गार्ड असतो आणि ती सर्वांत सोपी गोष्ट आहे. फुगवटा अजिबात नसून फक्त वेड्यावाकड्या कडांचे चट्टे असतील, ते पडदा बंद असताना ठळक दिसत असतील आणि पांढरे पान उघडल्यावर जवळजवळ नाहीसे होत असतील, तर काचेवरचा परावर्तनरोधक लेप झिजतो आहे. पडद्यावर वेगळी काच नसून खरखरीत, मॅट पृष्ठभाग असेल आणि फुगे किंवा सुरकुत्या पडदा चालू असतानाही दिसत असतील, तर सुटलेला थर पोलरायझरचा, म्हणजे प्रकाश गाळून चित्र दिसू देणाऱ्या पातळ फिल्मचा आहे. टचस्क्रीनमध्ये बोटाला पृष्ठभाग अगदी सपाट लागतो, पण आत बुडबुडा दिसतो, तेव्हा वरची काच आणि पॅनेल, म्हणजे प्रत्यक्ष चित्र दाखवणारा भाग, यांना जोडणारा पारदर्शक गोंद सुटलेला असतो.

एक शक्यता मात्र वेगळी आणि धोक्याची आहे. टॅबलेटसारख्या, पडद्यामागेच बॅटरी असलेल्या यंत्राचा पडदा चौकटीतून वर उचलला जात असेल, तर तो थराचा प्रश्न नसून बॅटरी फुगली आहे असे समजावे. असे यंत्र चार्ज करू नये, दाबून बसवू नये, आणि जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून लवकरात लवकर जाणकार दुरुस्तीकाराकडे द्यावे.

आता लेपाविषयी. २०१२ ते २०१५ या काळातल्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये हा दोष इतक्या मोठ्या प्रमाणावर दिसला की ॲपलने २०१५ मध्ये असे पडदे विनामूल्य बदलून देण्याची सोय सुरू केली आणि तिची मुदत पुढे खरेदीपासून चार वर्षांपर्यंत वाढवली. त्या यंत्रांची मुदत आता उलटून गेली आहे, पण यंत्रे मजबूत असल्याने आपल्याकडे जुन्या बाजारातून ती अजूनही घरोघर चालतात. साधी काच आपल्या एका पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे चार टक्के परत फेकते. ते प्रमाण कमी करण्यासाठी तिच्यावर केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असा लेप चढवलेला असतो. झाकण मिटल्यावर कळफलकाच्या कळा पडद्याला टेकतात, त्यांवरचा तळहाताचा घाम आणि तेल लेपावर बसते, आणि त्यात कोणी अमोनिया असलेल्या काच-क्लीनरने जोरात पुसले की लेप सुटायला लागतो. कळांच्या आकाराचे चौकोनी ठसे दिसतात, त्याचे कारण हेच.

हा लेप पुन्हा चिकटवता येत नाही, आणि घरी नवा चढवताही येत नाही. करण्याजोगे एकच काम आहे, ते म्हणजे उरलेला लेप संपूर्ण काढून टाकणे. काच तशीच राहते, चित्रही स्वच्छ दिसते, मात्र प्रतिबिंब वाढते. चट्टे थोडेच असतील आणि काम करताना त्रास होत नसेल, तर पडद्याला हात लावू नये असे माझे मत आहे, कारण एकदा सुरुवात केली की कडेपर्यंत जाऊनच थांबावे लागते.

काम करायचे ठरवले, तर झाकण जमेल तितके उघडून त्याच्या पाठीमागे घडी घातलेला जाड टॉवेल ठेवावा, म्हणजे दाबाला आधार मिळेल. कळफलक प्लॅस्टिकने झाकावा आणि काचेच्या चारही कडांवर मास्किंग टेप लावावी, कारण कडेच्या फटीतून आत शिरलेले द्रव मागच्या प्रकाशाच्या थरांत पसरते आणि तो डाग पुन्हा जात नाही. याच कारणासाठी पडद्यावर थेट काहीही फवारू नये. जे लावायचे ते कापडाला लावावे. आधी किंचित ओलसर मायक्रोफायबर कापडाने धूळ टिपून घ्यावी, नाहीतर वाळूचा एखादा कण काचेवर कायमचा ओरखडा काढील. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, जे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘आयपीए’ या नावाने मिळते, कापडावर थोडे घेऊन एका कोपऱ्यात दोन सेंटिमीटर जागेवर चाचणी घ्यावी. सॅनिटायझर वापरू नये, त्यातले ग्लिसरीन चिकट थर मागे सोडते.

लेप सैल असेल तर तो नुसत्या अल्कोहोलने निघतो. पण चट्ट्यांच्या मधला, अजून घट्ट असलेला भाग फार वेळ घेतो, आणि तेथेच माणसाचा धीर सुटतो. अशा वेळी ओल्या कापडावर चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन सरळ रेषेत, मध्यम दाबाने घासावे. सोडा काचेपेक्षा पुष्कळ मऊ असल्यामुळे तिच्यावर ओरखडा उठत नाही. तळहाताएवढी जागा पूर्ण झाल्याशिवाय पुढे सरकू नये आणि दर वेळी कापडाची स्वच्छ बाजू घ्यावी. काही जण यासाठी अल्कोहोलयुक्त माउथवॉश वापरतात आणि त्यानेही लेप निघतो, परंतु त्यातला गोडवा व रंग नंतर पाण्याच्या कापडाने दोनतीनदा पुसून काढावा लागतो. पूर्ण पडद्याला दोन-तीन तास लागू शकतात. ॲसिटोन, ब्लेड आणि भांडी घासण्याची तारेची घासणी यांना येथे स्थान नाही. शेवटी टेप काढून कडा कोरड्या कापडाने पुसाव्यात आणि काही तास झाकण उघडे ठेवूनच यंत्र वाळू द्यावे.

वर सांगितलेली एकही कृती मॅट पडद्यावर करू नये. तेथे वरचा थर हाच पोलरायझर असतो आणि तो ओढून काढला तर पडदा उजळतो, पण चित्र नाहीसे होऊन फक्त पांढरा प्रकाश उरतो. त्याखालची काच अतिशय पातळ असल्याने फुगा अंगठ्याने दाबणेही पॅनेलला तडा जाण्यास पुरेसे होते. पोलरायझरला उष्णता आणि दमटपणा सोसत नाही, त्यामुळे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात जुने पॅनेल कडेने फुगू लागले तर त्यात नवल नाही. येथे व्यवहार्य उपाय पॅनेल बदलण्याचाच आहे. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा आपल्या गावच्या दुकानात जाण्यापूर्वी पडद्याचा आकार, रिझोल्यूशन, केबलच्या जोडणीला ३० पिन आहेत की ४०, आणि स्क्रूसाठीच्या पट्ट्या कोठे आहेत, हे जुन्या पॅनेलच्या मागच्या लेबलसह फोटो काढून न्यावे. नुसते ‘साडेपंधरा इंची द्या’ म्हटले की चुकीचे पॅनेल घरी येते. टचस्क्रीनचा गोंद सुटला असेल, तर काच आणि पॅनेल एकत्र असलेला पूर्ण संच बदलावा. निर्वात यंत्राशिवाय हे दोन भाग बुडबुडा न राहता जोडता येत नाहीत.

स्क्रीन गार्डचे काम थोडक्यात संपते. हेअर ड्रायरच्या कोमट हवेने एक कोपरा सैल करून, पडद्याला जवळजवळ समांतर धरून तो सावकाश मागे ओढावा, वर उचलू नये. ज्यांनी लेप काढला आहे त्यांनी वाढलेले प्रतिबिंब कमी करण्यासाठी नवा मॅट गार्ड लावण्यास हरकत नाही. तो गरम पाण्याने अंघोळ झाल्यानंतरच्या न्हाणीघरात लावला, तर हवेतली धूळ बसलेली असल्याने बुडबुडे कमी येतात. झाकण मिटताना मध्ये जाड कापड मात्र ठेवू नये, कारण अलीकडच्या पातळ यंत्रांत तेवढ्या दाबानेही पडदा फुटू शकतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा यंत्र बंद करून कळा किंचित ओल्या कापडाने पुसाव्यात आणि त्या वाळल्यावरच झाकण मिटावे.