डोळ्यात कण रुतलाय? या चुका टाळा

साधी धूळ गेली तर स्वच्छ पाण्याने डोळा धुतला की बहुतेक वेळा काम भागतं. रुतलेल्या कणाचं तसं नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. तिथे रुमालाचं टोक किंवा चिमटा घेऊन उकरत बसू नका, डोळा चोळूही नका.

सगळ्यात महागात पडते ती चूक वेगळीच: ‘फारसं दुखत नाही, दिसतंयही नीट’ म्हणून घरी थांबणं. छिन्नीवर हातोडा मारताना उडालेली लोखंडाची बारीक कपची एवढ्या वेगाने येते की आत शिरल्याचं कळतही नाही. साधा ओरखडा याहून जास्त ठणकतो! जखम कधी कधी आपोआप मिटते, कपची मात्र आतच राहते. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, लोखंड डोळ्यात भिनून नजर जाऊ लागते. शुद्ध तांब्याचा तुकडा एवढाही वेळ देत नाही, आत लगेच तीव्र दाह सुरू होतो. कणाला माती लागलेली असेल तर जंतुसंसर्गाची भीती, आणि २४ तास उलटले की ती आणखी वाढते.

म्हणून डॉक्टरांना ‘काहीतरी गेलंय’ एवढंच सांगू नका. हातात काय होतं, हातोडा, ग्राइंडर की लाकूड, ते सांगा. सीटी स्कॅन करायचा का, हे बरंचसं त्यावर ठरतं. लोखंडाची शंका असेल तर एमआरआय नको. चुंबकाने कपची आतल्या आत हलते.

वस्तू बाहेर डोकावत असेल तर ओढू नका. धुणं, थेंब, मलम काहीच नको. दाबून पट्टीही बांधू नका. कागदी कपाचा तळ कापून डोळ्यावर असा चिकटवा की त्याची कड भोवतीच्या हाडावर टेकेल, डोळ्याला कशाचा स्पर्श होणार नाही. पूर्ण भूल द्यावी लागू शकते, त्यामुळे वाटेत चहा-पाणीही टाळा.

कण वरवरचा असेल तर बधिर करणारे थेंब घालून, स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, सुईच्या टोकाने तो काढतात. लोखंडाचा असेल तर भोवती गंजाचं कडं उरतं. ते एका बैठकीत सगळं खरवडत नाहीत. एक-दोन दिवसांत मऊ पडलं की उरलेलं निघतं. यात डॉक्टरांची हयगय नाही, तेव्हा दुसरी तारीख चुकवू नका. बधिर करणारे थेंब मात्र घरी मागू नका, त्याने जखम भरत नाही. घरात पडलेली स्टिरॉइडची बाटली तर मुळीच उघडू नका, विशेषतः काडी-पाला लागला असेल तर. बुरशी फोफावते.

आत खोल गेलेल्या कणासाठी व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग काढण्याचं ऑपरेशन, करावं लागतं. शेवटी डोळ्यात गॅस भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास करू नका, आणि त्या काळात दुसरं कुठलंही ऑपरेशन निघालं तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. भूल देताना वापरतात त्या नायट्रस ऑक्साइडने डोळ्यातला गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो.