चेरी कोळंबीच्या टाकीतले शेवाळ आटोक्यात कसे आणावे

माशांच्या टाकीत शेवाळावर चालणारे उपाय चेरी कोळंबीच्या, म्हणजे घरच्या टाकीत पाळतात त्या गोड्या पाण्यातल्या छोट्या कोळंबीच्या, टाकीत जीवघेणे ठरतात. दुकानात मिळणाऱ्या अनेक शेवाळनाशकांत तांबे असते आणि मासे सहन करतात तेवढ्या तांब्यानेही कोळंबी मरते. सगळे पाणी उपसून टाकी घासून काढली, तर पाण्यातले क्षार एकदम बदलतात आणि कोळंबीला कात नीट टाकता येत नाही. शिवाय काचेवर, पानांवर, लाकडावर असलेला शेवाळाचा आणि सूक्ष्मजीवांचा पातळ थर हेच पिल्लांचे मुख्य अन्न. म्हणून टाकी चकचकीत करण्याच्या मागे लागू नका. झाडांना झाकोळणारे शेवाळ तेवढे हटवायचे, बाकीचे कोळंबीसाठी ठेवायचे आणि जे करायचे ते हळूहळू.

खालची मापे ४५ × ३० × ३० सेंटिमीटरच्या, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नसलेल्या टाकीसाठी आहेत. काठोकाठ भरली तर तिच्यात ४० लिटर पाणी मावते. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की उरते ३० लिटरच्या आसपास. कोणतीही मात्रा या खऱ्या पाण्यावरच मोजा.

आधी शेवाळ ओळखा

नव्या टाकीत पहिल्या दोन महिन्यांत दिसणारी तपकिरी भुकटी बोटाने पुसली जाते. तिला काही करू नका. कोळंबी ती आवडीने खाते आणि टाकी मुरली की ती आपोआप कमी होते. काचेवरच्या मऊ हिरव्या थराचेही तेच. काचेवर किंवा ॲन्युबियससारख्या सावकाश वाढणाऱ्या झाडांच्या पानांवर टणक हिरवे ठिपके असतील, तर प्रकाश फार आणि फॉस्फेट कमी असे बहुधा समजावे. ते कोळंबीला खरवडता येत नाहीत. हिरवे लांब धागे मॉसमध्ये (बारीक पानांच्या दाट पाणवनस्पतीत) गुंतले असतील तर हाताने काढावे लागतात. पानांच्या कडांवर आणि फिल्टरच्या तोंडाशी काळ्या दाढीसारखे झुबके दिसले, तर ते लाल शैवालांच्या गटातले चिवट शेवाळ. जिवंत असेपर्यंत कोळंबी त्याला सहसा तोंड लावत नाही. आणि मातीवरून निळसर हिरवी, बुळबुळीत साय सोलल्यासारखी निघते, तिला कुबट वास येतो, ते खरे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया आहेत. त्यांचा उपाय वेगळा, तो शेवटी.

१. प्रकाश कमी करा

बाहेरून कार्बन डायऑक्साइड मिळत नसेल, तर झाडांची वाढ कार्बनअभावी अडते. त्यापुढे दिलेला जादा प्रकाश शेवाळाच्या कामी येतो. प्लगला टायमर लावा आणि दिवा रोज सहा तासच चालू ठेवा. दिवा मंद करता येत नसेल तर १० ते १५ सेंटिमीटर वर उचला. खिडकीतून टाकीवर थेट ऊन येत असेल, तर त्या बाजूच्या काचेला बाहेरून कागद लावा. शेवाळ हटल्यावर वेळ वाढवायची झाल्यास आठवड्याला अर्धा तास, आणि आठ तासांपुढे जायचे नाही.

२. खाऊ कमी करा

सर्वांत जास्त चूक इथे होते. तीस-चाळीस कोळंब्यांना आठवड्यातून दोन-तीनदा, दोन तासांत संपेल एवढेच खाद्य पुरते. ते काचेच्या लहान बशीत टाका, म्हणजे उरलेले बशीसकट उचलता येते. मातीत शिरलेले खाद्य कुजते, त्यातून अमोनिया सुटतो आणि शेवाळाला आयते खत मिळते. उकडलेल्या पालकाचा किंवा काकडीचा तुकडा टाकला तर दुसऱ्या दिवशी काढायला विसरू नका.

३. हाताने काढा

जुना, धुतलेला, पेस्टचा अंश नसलेला टूथब्रश धाग्यांत घालून गोल फिरवा. काट्याला शेवई गुंडाळावी तसे धागे येतात. काढलेला गुंता लगेच फेकू नका. टाकीतलेच पाणी घातलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये तो सोडा आणि दहा मिनिटे थांबा. जन्मलेले पिल्लू जेमतेम दोन मिलिमीटरचे, जवळजवळ पारदर्शक असते. पांढऱ्या तळावर आधी त्याचे दोन काळे ठिपक्यांसारखे डोळे दिसतात. पिल्ले ड्रॉपरने उचलून परत टाकीत सोडा. काचेवरचे ठिपके जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडा, पण फक्त समोरच्या काचेवरचे. पूर्ण माखलेली पाने देठापासून कापलेली बरी.

४. पाणी बदला, पण थोडेच

आठवड्याला १० टक्के, म्हणजे तीन लिटर. सायफनच्या टोकाला स्पंज किंवा जुना नायलॉन मोजा बांधा, नाहीतर पिल्ले ओढली जातात. चेरी कोळंबीला जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) ६ ते ८, केएच (कार्बोनेटांमुळे येणारा जडपणा) २ ते ५ आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १५० ते २५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) मानवतो. नवे पाणी टाकीच्याच तापमानाचे असू द्या आणि टीडीएसमधला फरक २०-३० पीपीएमच्या आत राखा. बोअरचे पाणी जड असेल तर त्यात आरओचे पाणी मिसळून हा आकडा जुळवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन-नाशक घालायलाच हवे. बादली रात्रभर उघडी ठेवून क्लोरीन उडते, क्लोरामाइन उडत नाही. पाणी एअर पंपाच्या नळीला गाठ मारून बारीक धारेने, निदान अर्ध्या तासात सोडा. हा खटाटोप टाळला तर काय होते, हे मेलेल्या कोळंबीच्या मानेमागे स्पष्ट दिसते: कवच तिथे गोल चिरून पांढरे कडे पडलेले असते आणि कात अर्धवटच निघालेली असते.

नायट्रेट २० पीपीएमच्या खाली ठेवा, पण शून्यावर आणू नका. उपाशी झाडांची पाने पिवळी पडतात आणि शेवाळ पहिल्यांदा त्यांच्यावरच बसते. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर गेले की त्यातला ऑक्सिजन घटतो. पाण्याच्या पृष्ठभागावर बाहेरून छोट्या पंख्याचा वारा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. मात्र त्याने पाणी भराभर उडते आणि क्षार मागे राहतात, म्हणून रोजची भर फक्त आरओच्या पाण्याने घाला.

५. भराभर वाढणारी झाडे लावा

सिरॅटोफायलम, वॉटर स्प्राइट, तरंगणारे साल्व्हिनिया ही झाडे पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट झपाट्याने ओढून घेतात. साल्व्हिनियाने निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकला की जादाचे काढून टाका. विकत आणलेल्या झाडांवर कीटकनाशक असू शकते आणि तेवढ्यावर अख्खी टाकी मरू शकते. त्यामुळे नवे झाड आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून रोज पाणी बदला. टिशू कल्चरच्या (प्रयोगशाळेत जेलीत वाढवलेल्या) झाडांना ही भीती नाही, त्यांची जेली तेवढी धुवा.

६. सोबतीला कोण

टणक ठिपक्यांसाठी नेराइट गोगलगाय उत्तम. ती काचेवर पांढरी अंडी चिकटवते, पण गोड्या पाण्यात त्यातून पिल्ले वाढत नाहीत. धाग्यांसाठी आमानो कोळंबी. जपानी छायाचित्रकार आणि जलउद्यानकार ताकाशी आमानो यांनी तिला शेवाळ खाण्यासाठी लोकप्रिय केले, त्यावरून हे नाव. तिच्या अळ्यांना खारे पाणी लागत असल्याने तुमच्या टाकीत तिची संख्या वाढणार नाही. शेवाळ खाणारे म्हणून विकले जाणारे मोठे मासे मात्र आणू नका, पिल्ले त्यांच्या तोंडी जातात.

७. काळ्या दाढीवर हायड्रोजन पेरॉक्साइड

वरचे सगळे महिनाभर करूनही दाढी हटली नाही तरच हे करा. बाटलीवरचे लेबल आधी वाचा. आपल्याकडे मेडिकलमध्ये बहुधा सहा टक्क्यांचे मिळते. तसे असेल तर तेवढेच डिस्टिल्ड पाणी मिसळून ते तीन टक्के करा. ३० लिटरला तीन टक्क्यांचे एका वेळी जास्तीत जास्त ६ मिली. फिल्टर बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या, सुई काढलेल्या सिरिंजने थेट झुबक्यावर हळूहळू सोडा, दहा मिनिटांनी फिल्टर पुन्हा चालू करा. मॉस आणि रिक्सिया या नाजूक झाडांपासून दूर राहा, ती करपतात. दोन-तीन दिवसांत झुबके गुलाबी, मग पांढरे पडतात आणि तेव्हा कोळंबी त्यांच्यावर तुटून पडते. पुढची मात्रा तीन दिवसांनंतर. कोळंब्या सैरावैरा पोहू लागल्या तर लगेच १० टक्के पाणी बदला आणि हवा वाढवा.

निळसर साय असेल तर

आधी जेवढी निघेल तेवढी सायफनने ओढून घ्या. मग दिवा बंद करून टाकी जाड काळ्या कापडाने तीन दिवस पूर्ण झाका. या काळात एअर पंप अखंड चालू ठेवा आणि खाद्य देऊ नका. झाकण काढल्यावर तळाशी मेलेला गाळ साचलेला असतो, तो १५ टक्के पाण्यासोबत काढा आणि अमोनिया तपासा. तो शून्यावर नसेल तर दुसऱ्या दिवशी आणखी १० टक्के पाणी बदला. पहिला आठवडा दिवा रोज चारच तास लावा.