जुन्या पिकअपला सेकंडहँड इंजिन घेताना काय बघितलं (माझा अनुभव)

सावद्याहून केळी भरली की आमची जुनी डिझेल पिकअप कन्नड घाटात दुसऱ्या गिअरलाही दम सोडायची, मागे निळा धूर, ऑइल सारखं कमी, आणि ऑइलचं झाकण उघडलं की भसाभस धूर. इंजेक्टर साफ केले, टर्बो तपासला, रिंगा बदलल्या, फरक शून्य कारण बोअरच (पिस्टन वर-खाली होतो ती नळी) घासलेला. लई वैताग आला भो.

बोअरिंग, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंगचा हिशोब सेकंडहँड इंजिनाच्या किमतीच्या वर गेला म्हणून सेकंडहँडच घेतलं, पण या क्रमाने: आधी ब्लॉकवरचा कोड आपल्या इंजिनाशी जुळवला, बीएस-३ आणि बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमांचे टप्पे) इंजिनांचं वायरिंग-पंप वेगळं असू शकतं. मग थंड इंजिन स्टार्ट करायला लावलं, हात लावून बघा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर सरळ घरी या, गरम इंजिनात स्टार्टिंगचा दोष लपतो. मग चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते) मोजलं, एकमेकांत १० टक्क्यांवर फरक नको, हे सगळ्यात महत्त्वाचं. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा चिकटा (ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण) नाही ना तेही बघितलं, अन् इंजिन नंबर लिहिलेलं बिल घेतलं.

बसवायच्या आधी मागचं क्रँक सील, क्लच प्लेट, वॉटर पंप नवे टाकले, इंटरकूलरमधलं (टर्बोची हवा थंड करतो तो) साचलेलं ऑइल धुतलं, नाहीतर तेच आणलेल्या इंजिनात ओढलं जातं. शेवटी जळगाव आरटीओत इंजिन नंबर आरसीवर चढवला. आता घाट तिसऱ्यावर चढतो, ऑइल दांडीवर जिथल्या तिथं.